सीमेपलीकडचे दंतवैद्य

२३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी आरोग्यसेवा सुधारणेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. आता स्वस्त उपचारांसाठी परदेशी जाणाऱ्या अमेरिकनांचा ओघ आटेल, असे वाटणे तेव्हा स्वाभाविक होते. २०१० मध्ये साडेचार कोटींहून अधिक असलेली विमाहीनांची संख्या २०१६ पर्यंत तीन कोटींच्या आत आली, हे खरेच. परंतु विमा असणे आणि उपचार परवडणे या गोष्टी एक नव्हेत. कमी हप्त्याच्या विम्यात बहुधा प्रारंभीचे काही हजार डॉलर रुग्णालाच सोसावे लागतात. प्रौढांचे दात तर कायद्याने अत्यावश्यक सेवांत धरलेच नाहीत. वृद्धांसाठी १९६५ साली आलेल्या मूळ मेडिकेअर योजनेतही नेहमीच्या दंतोपचारांना स्थान नाही. जणू म्हातारपणी दातांचे काम उरतच नाही! म्हणूनच ॲरिझोनातील यूमाजवळची सीमा पायी ओलांडून निवृत्त अमेरिकन लॉस अल्गोदोनेस या मेक्सिकन गावी जातात. त्या चिमुकल्या गावात शेकडो दंतवैद्य आहेत. तिथला खर्च स्वतःच्या खिशातून. आणि बसविलेला दात महिन्याभराने ठणकू लागला, तर पुन्हा तीच सीमा.