डॅशबोर्डमागचा संगणक आणि परभणीचं ऊन

मे महिन्यात परभणीत भरदुपारी उन्हात लावलेली गाडी तासाभराने उघडली, की लगेच आत बसता येत नाही. चारही दारं उघडायची, आतली धग बाहेर जाऊ द्यायची आणि मग स्टिअरिंगला हात लावायचा, तोही रुमाल धरून. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या टेंपी शहरात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचं तापमान मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली होती, स्टिअरिंग ५३ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. तिथला उन्हाळा परभणीकरांना परका वाटू नये असाच आहे. स्वतःच्या गाडीत स्वतः संगणक बसवू पाहणाऱ्याने हा ६९ चा आकडा आधी वहीत लिहून ठेवावा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मुळात हा खटाटोप कशासाठी? गाडी दहा-बारा वर्षांची आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण कंपनीने दिलेल्या स्टिरिओत ना नकाशा, ना मागचा कॅमेरा. बाजारात अँड्रॉइड स्टिरिओ मिळतो आणि बरेच जण तोच बसवतात. मात्र आपल्याला हवं ते आणि हवं तेवढंच करणारं यंत्र जुळवण्याची हौस वेगळी. २००१ मध्ये व्हाया कंपनीने १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्डचा आकार आणला आणि जगभरच्या हौशी लोकांनी डिकीत, सीटखाली संगणक बसवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला आणि तोच संगणक तळहाताएवढा झाला. आज त्यावर मोफत मिळणारं सॉफ्टवेअर चढवलं, की साधा टच स्क्रीन मोबाइलमधला नकाशा आणि गाणी दाखवू लागतो.

गंमत अशी, की त्या गाडीत संगणक आधीपासूनच असतो. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ठरवणारी पेटी बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डमागे बसलेली असते. गॅरेजवाले तिला ईसीएम म्हणतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणीचा माणूस अभिमानाने सांगतो आणि या विषयात त्यातल्या जर्मनीचं काम मोठं आहे. गाडीतल्या अनेक पेट्यांनी दोनच तारांवरून एकमेकींशी बोलायची ‘कॅन’ ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. आज एमएच-२२ या परभणीच्या पाटीच्या जवळपास प्रत्येक नव्या कारमध्ये त्या दोन तारा आहेत.

त्या तारांपर्यंत पोहोचायला गाडी खोलावी लागत नाही. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या उंचीवर सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, ओबीडी पोर्ट. अमेरिकेत तो १९९६ पासून सक्तीचा झाला. भारतात बीएस-४ मानकाच्या चारचाकींना २०१३ पासून ओबीडी-२ ची अट लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. ईएलएम ३२७ प्रकारचं छोटं ॲडॅप्टर त्या सॉकेटला लावलं, की ब्लूटूथवरून इंजिनचे फेरे, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज असं बरंच काही पडद्यावर दिसतं. चेक लाइट लागला, तर त्यामागचा कोडही वाचता येतो. ‘पी०३००’ म्हणजे इंजिन मिस होतंय. लक्षण काय आहे ते कोड सांगतो. प्लग खराब, कॉइल खराब की इंजेक्टर, हे शोधायला हाताला वंगण लावून घेणारा फिटरच लागतो. जिंतूरच्या वाटेवर, आसपास गॅरेज नसताना कूलंटचा आकडा ११० कडे चढताना दिसला, तर मात्र इंजिन उकळायच्या आत गाडी बाजूला घेता येते. एवढ्या एका कामासाठीही हा खटाटोप करावा.

आता विजेचं. घरातला संगणक आणि गाडीतला संगणक यांत खरा फरक इथेच आहे आणि हौशी माणूस हमखास इथेच फसतो. गाडीची बॅटरी ‘बारा व्होल्टची’ असते, हे म्हणण्यापुरतं. इंजिन बंद असताना ती साधारण १२.६ व्होल्ट देते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे आकडा चौदाच्या आसपास जातो आणि सेल्फ मारताना क्षणभर नऊपर्यंत किंवा त्याहून खाली कोसळतो. बॅटरीची जोडणी चालू इंजिनात सुटली, तर याच तारांमधून कित्येक पट जास्त व्होल्टेजचा झटका धावतो. रास्पबेरी पायला हवे असतात फक्त पाच व्होल्ट, तेही स्थिर. म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो आणि तो अंदाजाने निवडून चालत नाही. ट्रक आणि एसटी बस चोवीस व्होल्टवर चालतात, हेही विसरू नये. कारसाठी जुळवलेली पेटी तिथे जशीच्या तशी लावली तर जळू शकते.

दुसरा प्रश्न संगणक बंद कधी करायचा. स्टिरिओच्या मागे बहुधा तीन मुख्य तारा सापडतात: पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीवरची, काळी अर्थची. फक्त लाल तारेवर संगणक जोडला, तर चावी काढताच त्याचा वीजपुरवठा तुटतो आणि लिहिणं चालू असलेलं मेमरी कार्ड खराब होतं. फक्त पिवळीवर जोडला, तर तो रात्रभर चालू राहतो. बारा व्होल्टवर अर्धा अँपिअर धरला, तरी चोवीस तासांत बारा अँपिअर-तास गेले. छोट्या कारची बॅटरी पस्तीसच्या आसपासची असते. दोन दिवस गाडी दारात उभी राहिली, की तिसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावं लागतं. उपाय म्हणजे दोन्ही तारा घ्यायच्या: पिवळी पोटाला, लाल कानाला. चावी निघाल्याची खूण लाल तारेने दिली, की संगणक आपलं काम आवरतो, स्वतःला बंद करतो आणि मग टायमर पिवळी तार तोडतो. प्रत्येक तारेला बॅटरीच्या बाजूला फ्यूज. हे सगळं एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या शेजारी बसून करावं. कोणती तार कुठून जाते हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. एअरबॅगच्या तारांना, ज्यांवर बहुधा पिवळं वेष्टन असतं, हात लावायचा नाही आणि एअरबॅग उघडते त्या जागेवर पडदाही चिकटवायचा नाही.

ऊन आणि धक्के उरतात. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांपुढे स्वतःचा वेग कमी करू लागतो. डॅशबोर्डच ६९ वर असेल, तर थंड व्हायला जागा कुठे राहिली? म्हणून पडदा वर ठेवला तरी पेटी खाली, सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समागे, ऊन पोहोचणार नाही अशा ठिकाणी बसवावी. जुना मोबाइल काचेला चिकटवून संगणक म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. त्यातली लिथियम बॅटरी या उन्हात फुगते. ती मोठी जोखीम आहे. गाड्यांसाठी खास बनवलेल्या चिपा उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत तपासलेल्या मिळतात आणि कंपनीचा सुटा भाग महाग का, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

धक्क्यांचं कारण पायाखाली आहे. परभणीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटेसारखा होतो. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क अशा वाटेवर फार टिकत नाही, म्हणून एसएसडी किंवा मेमरी कार्ड. प्रत्येक जोडणी स्क्रूने आवळलेली किंवा पिळून बसवलेली हवी. नुसत्या टेपने गुंडाळलेला सांधा सेलू-पाथरीच्या दोन-चार फेऱ्यांत ढिला होतो आणि मग बिघाड येतो-जातो, सापडत नाही.

पडदा कितीही छान असला, तरी तो वाट शोधण्यापुरता. गाडी चालवताना हातातलं उपकरण केवळ मार्ग शोधायला आणि लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येईल, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. चालकासमोर सिनेमा लावण्याची सोय ठेवूच नये.

परभणी जिल्ह्यात हा विषय कारच्या पलीकडेही पोहोचला आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, आता वसंतराव नाईक यांचं नाव असलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून डिजिटल शेतीचं केंद्र मिळालं. रोबो, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं हे शब्द त्या केंद्राच्या नावातच आहेत. शेतात चालणाऱ्या अशा वाहनाला काच नसते, एसी नसतो, अनेकदा छतही नसतं. धूळ थेट पेटीवर बसते, ढेकळांचे धक्के रस्त्याहून जास्त आणि ऊन दिवसभर. सोयाबीनच्या दोन ओळींमधून अशा यंत्राला सरळ चालवायचं, तर त्याच्या संगणकालाही आधी हीच तीन उत्तरं शोधावी लागतात: स्थिर वीज कुठून घ्यायची, पेटी कुठे बसवायची आणि तार कशी आवळायची.