हलकेपणाची साखळी

नॅनोत पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडावं लागतं. पंपावरचा नवखा मुलगा नोझल हातात धरून गाडीच्या मागच्या अंगाला झाकण शोधत राहतो. बॉनेट वर केलं की त्याला तिथे टाकीचं तोंड दिसतं, स्टेपनी दिसते, आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग इंजिन कुठाय?"

इंजिन मागे आहे, मागच्या सीटच्या पाठीशी, दोन चाकांच्या मधे. त्या मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलेलं असतं. या गाडीत जे जे नाही, त्यातल्या कितीतरी गोष्टींचं कारण इंजिनाच्या या जागेत सापडतं.

माझी नॅनो सगळ्यात साध्या प्रकारातली. एसी नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. वायपर एकच. बाहेरचा आरसाही एकच, ड्रायव्हरच्या बाजूचा. पुढच्या काचा हँडल फिरवून खाली घ्यायच्या. मागे दार नाहीच; सामान ठेवायचं तर आतून, मागच्या सीटवरून हात घालून. ही यादी ऐकली की वाटतं, एखाद्या भरल्या गाडीतून एकेक वस्तू काढून घेतली असणार. पण तसं करून पाहिलं तर हाती अपुरी गाडी येते, आणि तीही फारशी स्वस्त नसते. नॅनोचं नवल असं, की तिच्यात एक वस्तू नसल्यामुळे दुसरी लागेनाशी होते, दुसरी नसल्यामुळे तिसरी. ही साखळी कडीकडीने उलगडत जाणं, यासारखा आनंद मला दुसऱ्या कुठल्या यंत्राने दिलेला नाही.

साखळीची सुरुवात एका आकड्यापासून होते. एरवी गाडी बनते, तिचा खर्च मोजला जातो, वर नफा धरला जातो आणि मग किंमत ठरते. इथे किंमत आधी ठरली : एक लाख रुपये. भर पावसात एकाच स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात या गाडीचा विचार आला, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं होतं. आकडा गाठायची जबाबदारी पुण्यात गिरीश वाघ यांच्या तुकडीवर आली. ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो, तो टाटा एस २००५ मध्ये बाजारात आला, त्यामागेही वाघच होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात नॅनो जगाला दिसली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत ती बाजारात उतरली.

आता मूळ प्रश्न. चार माणसांना शहरातून फिरवायला ताकद लागते तरी किती? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात : टायर रस्त्यावर दबत जाताना वाया जाणारी शक्ती आणि समोरची हवा. सहाशे किलोंची छोटी गाडी, आत दोन माणसं आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरून गणित मांडलं, तर चाकांपाशी लागणारी ताकद भरते तीन-चार हॉर्सपॉवर. एवढीच! स्कूटरच्या इंजिनातही याहून जास्त ताकद असते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तोच वेग टिकवायला पंधरा-सोळा हॉर्सपॉवर लागतात. चार माणसं घेऊन दहा मीटरला एक मीटर चढणारा घाट ताशी चाळीसने चढायलाही साधारण तेवढीच. म्हणजे गाडी हलकी ठेवली, वेगाची हाव धरली नाही, तर ३५ हॉर्सपॉवरमध्ये चारचाकीचा संसार निभावतो. नॅनोची ताकद नेमकी तेवढीच आहे आणि तिचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटरवर अडवलेला आहे. एसीचा कॉम्प्रेसर एवढ्या मोजक्या शिदोरीतून दोन-तीन हॉर्सपॉवर सहज मागून घेतो, हे कळलं की साध्या प्रकारात तो का नाही, हेही कळतं.

इंजिन ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दोन्ही ७३.५ मिलिमीटर. दोन सिलिंडर म्हणजे पिस्टन दोन, स्पार्क प्लग दोन आणि व्हॉल्व्ह सगळे मिळून चार. सुटे भाग कमी, पण एक अडचण मोठी : दोन सिलिंडरचं इंजिन जात्याच जास्त थरथरतं. त्यावर उपाय म्हणून आत वजन लावलेला एक दांडा उलट दिशेने फिरवला आहे. पिस्टनचा धक्का एका बाजूला जातो, त्याच क्षणी दांड्याचं वजन विरुद्ध बाजूला खेचतं आणि थरथर बरीचशी आतल्या आतच फिटते. पेट्रोल सोडण्याच्या व्यवस्थेत मात्र हात आखडलेला नाही. तिथे जुना कार्ब्युरेटर नाही, संगणकाच्या हुकमावर चालणारं इंजेक्शन आहे. धूर आणि मायलेज दोन्ही तिथेच ठरतात. सरकारमान्य चाचणीत गाडीने लिटरला २३.६ किलोमीटर दिले. म्हणून टाकी फक्त १५ लिटरची पुरली, आणि लहान टाकी म्हणजे पुन्हा कमी वजन.

हे छोटं इंजिन मागे ठेवलं आणि साखळी भराभर उलगडू लागली. इंजिन मागे, मागचीच चाकं ते फिरवतं. पुढच्या चाकांना आता फक्त वळायचं काम उरलं. पुढे इंजिनाचं ओझं नाही, त्यामुळे स्टीअरिंग हातानेच फिरवता येतं आणि पॉवर स्टीअरिंगची मोटार, तिचं वजन, तिची वीज हे सगळंच वगळता येतं. पुढून चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत इंजिनाकडून चाकाकडे येणाऱ्या सांध्याला ठरावीक कोनापलीकडे वाकता येत नाही. नॅनोत पुढे तो सांधाच नाही, म्हणून चाकं जास्त वळतात. अवघ्या चार मीटर त्रिज्येत ही गाडी फिरते. पुण्याच्या पेठांतल्या बोळात समोरून टेम्पो यावा आणि आपण एका दमात गाडी वळवून परत निघावं, हे सुख त्या नसलेल्या सांध्याचं आहे.

टायर नीट पाहिले तर पुढचे १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. वजन मागे असलेली गाडी वेगात वळली की तिची शेपूट बाहेर फेकली जायला बघते. मागचं रबर रुंद ठेवलं की त्याची पकड पुढच्यापेक्षा घट्ट होते आणि वळणावर मागचा भाग सहसा आधी निसटत नाही. शिवाय अरुंद पुढचा टायर जागच्या जागी वळताना रस्त्यावर कमी घासतो, त्यामुळे स्टीअरिंग आणखी हलकं होतं. वीस मिलिमीटरच्या फरकाने दोन प्रश्न सुटतात.

ब्रेकचं तसंच. ब्रेक दाबला की कुठल्याही गाडीचं वजन पुढे झुकतं आणि पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो. नॅनोचं वजन मुळात मागे असल्याने तो भार चारही चाकांत बऱ्यापैकी वाटला जातो. गाडी हलकी, वेग मर्यादित, म्हणून चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक चालले. चाक बसवायलाही तीनच नट. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली तरी तिचे तीनही पाय टेकतात. तीन बिंदूंतून एक सपाटी नेमकी ठरते, चौथा बिंदू त्याच सपाटीत आणायला वेगळी खटपट लागते. तीन नटही चाक तितकंच नेमकं बसवतात. प्रश्न फक्त ताकदीचा, आणि एवढ्या हलक्या गाडीला तिघांची ताकद पुरते.

मागे दार का नाही? डब्याला मोठं भोक पाडलं की डबा लवचिक होतो, मग त्याच्या कडा जाड पत्र्याने मजबूत कराव्या लागतात. वर बिजागऱ्या, कुलूप, रबराची पट्टी आणि दार वर धरणारे दांडे आलेच. बंद पाठीने हे सगळं वाचवलं आणि गाडीचा सांगाडाही ताठ ठेवला. स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध आहे, कारण उजवीकडे बसून चालवा की डावीकडे, मधली तबकडी तीच चालते. बारा इंची लहान चाकं कोपऱ्यांत ढकलल्यामुळे ३.१ मीटर लांबीत चौघं बसतात. माणूस उभट बसला की त्याचे पाय कमी लांबी खातात, म्हणून छत उंच, सुमारे १.६ मीटर. मारुती ८०० पेक्षा लांबीला आठ टक्के कमी, पण आत एकवीस टक्के जास्त जागा, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. आत बसल्यावर त्यावर सहज विश्वास बसतो.

या हलकेपणाची किंमतही आहे आणि ती मोकळेपणी सांगायला हवी. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. तिच्यात एअरबॅग नव्हत्या. पुढे २०१७ पासून नव्या मॉडेलना धडक चाचणीचे नियम लागू झाले आणि २०१९ मध्ये ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस आवश्यक झाले. नियम माणसाच्या जिवासाठी आहेत आणि ते हवेतच. पण त्यांच्यामुळे साखळी उलटी फिरू लागते : जाड सांगाडा, मग जास्त ताकदीचं इंजिन, मग मोठे ब्रेक, मग पुन्हा वजन. जी साखळी किंमत खाली आणते, तीच ती वरही नेते.

बाजारात नॅनो चालली नाही. पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला झालेल्या आंदोलनानंतर तिथला कारखाना गुजरातेत सानंदला गेला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकणाऱ्या सानंदमधून तेवढ्या नॅनो एकाही वर्षी विकल्या गेल्या नाहीत. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का लोकांना नकोसा वाटला, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलं.

तरीही मला ही गाडी हरलेली वाटत नाही. तिने एक प्रश्न विचारायची पद्धत शिकवली आणि तो प्रश्न आज जास्त निकडीचा आहे. विजेवरच्या गाडीत शेकडो किलोंची बॅटरी येते, तिला वाहायला भक्कम सांगाडा लागतो, त्या सांगाड्याला मोठी मोटार आणि त्या मोटारीला आणखी मोठी बॅटरी. कुणीतरी ही साखळी पुन्हा उलट्या बाजूने ओढायला हवी, आणि ते काम सुरू होईल तेव्हा पहिल्या कागदावर एकच आकडा असेल. साधी गाडी घेताना तिच्यात काय काय नाही, याची यादी आपण सगळेच करतो. त्या यादीपुढे आणखी एक रकाना आखून पाहा : ही वस्तू नसल्यामुळे दुसरी कोणती लागेनाशी झाली? ज्या गाडीचा हा रकाना भरतो, तिच्यामागे कुणीतरी मनापासून विचार केलेला असतो. जिचा तो रिकामा राहतो, तिच्यातून नुसत्याच वस्तू काढून घेतलेल्या असतात.