उष्णतेला वाट हवी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला आज्ञा केली, की रोग, निदान आणि औषधोपचार सोडून कशावरही लिहा. तीस वर्षे फ्रीगंजात दवाखाना चालवणाऱ्या फिजिशियनच्या गाठीशी याखेरीज दुसरे काय असणार, असा प्रथम प्रश्न पडला. मग घरामागील पत्र्याच्या शेडची आठवण झाली. त्या शेडमध्ये मी, माझे चिरंजीव आणि आमचे मिस्त्री अशा तिघांनी मिळून बांधलेली एक बुटकी, दोन आसनी गाडी उभी आहे. ती रस्त्यासाठी नाही; तिची नोंदणीही नाही. ती केवळ बंदिस्त धावपट्टीवर फेऱ्या मारण्यासाठी आहे. भेटणारे विचारतात, ती किती पळते? मला मात्र सांगावेसे वाटते ते तिच्या तापण्याविषयी. कारण या तापण्यापायी एक माणूस माझ्या हातून भाजला आणि वैद्यकाचा एक जुना धडा मला उतारवयात पुन्हा गिरवावा लागला.

छंदाचे मूळ

मराठी माणसाने घरी गाडी बांधणे ही काही अपूर्वाई नव्हे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि १९७५ पर्यंत तिच्या एकामागून एक आवृत्त्या तयार केल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी ती गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, पण तिची कथा आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती. पुढे कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे साधे इंजिन घेऊन १९८८ मध्ये 'फॉर्म्युला मारुती' ही शर्यतीची गाडी सिद्ध केली आणि शर्यत हा केवळ धनिकांचा खेळ नाही हे दाखवले. १९९५ मध्ये ते एका विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळची २००३ मध्ये सुरू झालेली धावपट्टी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आम्हां उज्जैनकरांना तर फार दूर जाण्याचीही गरज नाही. पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा भरू लागली. तेथील नॅट्रॅक्स या संस्थेत ११.३ किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. बाहाच्या मैदानावर मुलांनी स्वतः वेल्डिंग करून बांधलेल्या गाड्या धुळीत चार-चार तास झुंजताना पाहिल्या आणि चिरंजीवांच्या डोक्यात किडा शिरला. तो माझ्याही डोक्यात केव्हा उतरला हे कळले नाही.

जुन्या मारुती एस्टीमचे १२९८ घन सेंटिमीटरचे इंजिन, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचे कवच. आमच्या मिस्त्रींना सारे उज्जैन 'उस्ताद' म्हणते. त्यांनी हे सारे असे काही जुळवले, की पहिल्याच दिवशी गाडी सुरू झाली. देवास रस्त्यावर एका स्नेह्यांच्या बंद कारखान्याचे आवार आहे. त्यात सुमारे नऊशे मीटरचा सिमेंटचा फेरा आम्हाला मिळाला. पहिली फेरी उत्तम झाली, दुसरीही. तिसऱ्या फेरीत तापमानाचा काटा तांबड्या पट्टीत गेला.

माझे तीन चुकीचे इलाज

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जाते आणि उरलेली कूलंटच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. शरीराशी तुलना केली तर कूलंट म्हणजे रक्त, पंप म्हणजे हृदय, रेडिएटर म्हणजे त्वचा आणि थर्मोस्टॅट म्हणजे हायपोथॅलॅमस. ही तुलना मला इतकी आवडली, की मी निदान न करताच उपचार सुरू केले.

पहिला इलाज: मोठा पंखा. एकाच्या जागी दोन पंखे बसवले. उभ्या गाडीत फरक पडला, पळत्या गाडीत काटा उलट लवकर चढू लागला. पंख्यांच्या पात्यांनी आणि त्यांच्या चौकटीने रेडिएटरचा निम्मा चेहरा झाकला होता. वेगात येणारी हवा त्यांनाच आदळून परत फिरत होती.

दुसरा इलाज: थर्मोस्टॅट काढून टाकणे. आपल्याकडे गाडी तापली, की अनेक गॅरेजांत हा पहिला सल्ला मिळतो. थर्मोस्टॅट हा ८२ अंशांच्या आसपास उघडू लागणारा दरवाजा आहे. तापलेल्या इंजिनात तो उघडाच असतो. त्याला काढून काय मिळणार? मिळाले ते एवढेच, की जानेवारीच्या सकाळी इंजिन गरमच होईना. तेल घट्ट राहिले, पेट्रोल जास्त लागू लागले आणि दुपारी काटा पुन्हा तांबड्यात गेला.

वैद्यकबंधूंनो, येथे मला स्वतःची लाज वाटली पाहिजे होती. ज्वरात शरीराचा नियंत्रकच वर सरकलेला असतो, म्हणून पॅरासिटामॉल चालते. उष्माघातात नियंत्रक जागेवर असतो, उष्णतेला बाहेर पडता येत नसते. तेथे पॅरासिटामॉल निरुपयोगी. हे मी विद्यार्थ्यांना असंख्य वेळा सांगितले होते. आमच्या गाडीला उष्माघात झाला होता आणि मी तिच्यावर ज्वराचे उपचार करीत होतो.

तिसरा इलाज: आणखी हवा. बॉनेटच्या मागील बाजूस, काचेच्या पायथ्याशी, दोन मोठ्या खाचा पाडल्या. गरम हवा तेथून निघून जाईल, असे वाटले. काटा तसूभरही हलला नाही.

तो दिवस

२०२३ चा मे महिना होता. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या दिवसासारखा दिवस, पारा ४२ वर. काटा तांबड्यात जाताच चिरंजीवांनी गाडी थांबवली. दवाखान्याची वेळ होत आली होती, मला घाई होती. मी उस्तादांना म्हणालो, "झाकण उघडा, पाणी किती उरले आहे ते पाहू." ते क्षणभर थबकले. त्यांना धोका ठाऊक होता. पण डॉक्टरसाहेबांनी सांगितले म्हणून त्यांनी फडके घेऊन झाकण फिरवले.

रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे असते. सुमारे ०.९ किलो दाबाखाली आतले पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने उघड्यावर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण निघाले, दाब गेला आणि सारे पाणी एका क्षणात उकळत उसळले. उस्तादांचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

आवारात नळ होता. वीस मिनिटे हात आणि मान वाहत्या पाण्याखाली धरली. कोणी बर्फ आणायला धावला, कोणी टूथपेस्ट, दोघांनाही थांबवले. वाचकांनीही हे लक्षात ठेवावे: भाजल्यावर साधे वाहते पाणी, वीस मिनिटे, आणि दुसरे काहीही नाही. पुढे तीन आठवडे मी रोज उस्तादांच्या घरी जाऊन ड्रेसिंग केले. जखम भरली, पण हातावर पांढुरका डाग राहिला. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी दोष दिला असता तर मला हलके वाटले असते.

चौथ्या दिवशी पट्टी सोडताना ते सहज म्हणाले, "डॉक्टरसाब, हवा अंदर तो बहुत ला रहे हैं अपन. पर निकलेगी कहाँ से?"

माझा हात थांबला. हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारला होता. २०१६ च्या सिंहस्थात मी एका वैद्यकीय तंबूत सेवेला होतो. उष्माघाताचा एक वृद्ध यात्रेकरू आला. आम्ही त्याच्या अंगावर पाणी शिंपडले, पंखा लावला, तरी तापमान उतरेना. तंबूला एकच दार होते. आतली दमट हवाच पंखा फिरवीत होता, अंगावरचे पाणी वाळतच नव्हते. मी समोरची कनात वर करवली. वारा आरपार वाहू लागला आणि अर्ध्या तासात रुग्ण बोलू लागला. माणसाच्या बाबतीत जे सुचले, ते यंत्राच्या बाबतीत सात वर्षांनी उस्तादांना सुचवावे लागले.

मोजमाप

मग आम्ही औषध देणे थांबवले आणि तपासणी सुरू केली. आमच्या पिढीने सीव्हीपी पाण्याच्या स्तंभावर मोजली आहे. तोच प्रकार येथे केला. सलाइनच्या नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरले. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरे मागे. नळी पट्टीशेजारी उभी बांधली आणि तिच्यासमोर मोबाइलचा कॅमेरा लावला. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी हवा थोपवली, तर सुमारे पावणेतीन सेंटिमीटर पाण्याचा दाब निर्माण होतो. आमच्या रेडिएटरच्या दोन बाजूंतील फरक भरला जेमतेम अर्धा सेंटिमीटर! पुढे दाब होता तसा मागेही होता. हवा कप्प्यात तुंबली होती. दाबात फरक नाही तर प्रवाह नाही, हे रक्ताभिसरणाचे तत्त्व येथेही जसेच्या तसे लागू पडले.

दुसरी तपासणी सौभाग्यवतींच्या विणकामाच्या पिशवीतून आली. लोकरीचे बोटभर तुकडे बॉनेटवर चिकटवले आणि फेरीचे चित्रीकरण केले. काचेच्या पायथ्याशी पाडलेल्या खाचांवरील लोकर बाहेर उडण्याऐवजी आत ओढली जात होती! काचेवर आपटणारी हवा तेथे दाब वाढवते. कप्प्यातील गरम हवा त्या दाबाविरुद्ध बाहेर येणे शक्यच नव्हते. उलट बॉनेटच्या पुढच्या भागात, वळणानंतर लगेच, लोकर वर उचलली जात होती. तेथे दाब कमी होता. बाहेर पडण्याची खरी वाट तीच.

मागच्या खाचा बुजवल्या. रेडिएटरच्या लगेच मागे बॉनेटमध्ये रुंद निर्गमद्वार कापले आणि त्याच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी लावली, जेणेकरून वरून वाहणारी हवा आतली हवा ओढून नेईल. हवा नेहमी सोपा रस्ता धरते, म्हणून रेडिएटरभोवतीच्या फटी ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्पंज लावून बंद केल्या. एकच पंखा ठेवला. थर्मोस्टॅट परत बसवला. दाबातील फरक दोन सेंटिमीटरच्या जवळ गेला.

आणखी एक दोष सापडला. गाडीचे नाक बुटके असल्याने रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली होता. पाण्यातील हवा वर चढून डोक्यातच अडकत असे. जेथे हवेचा बुडबुडा तेथे पाणी नाही आणि थंडावा नाही. हे एअर एम्बोलिझमच म्हणा. सर्वांत उंच जागी एक छोटी टाकी बसवून तिला डोक्यातून बारीक नळी जोडली, तेव्हा तो प्रश्न मिटला.

न दिसणारी आग

या तपासणीत सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी आढळली. पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटांवरून गेली होती आणि तिचे रबर कडक होऊन त्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. मी महिनाभर काट्याकडे पाहत होतो. माझा मुलगा मात्र ज्या आसनावर बसत होता, त्याच्या पुढ्यातील कप्प्यात आगीची सिद्धता होत होती.

प्रारणाने जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. मॅनिफोल्ड ६०० ऐवजी ७५० अंशांवर गेले, तर त्याचे प्रारण जवळजवळ दुप्पट होते. त्याला वाऱ्याची गरज नसते. समोर जे असेल ते तापते. नळी कप्प्याच्या दुसऱ्या बाजूने नेली. ती आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची घेतली. मॅनिफोल्डसमोर ॲल्युमिनियमचे दुहेरी पत्रे लावले, मध्ये बोटभर मोकळी हवा सोडून. आसनाशेजारी अग्निशामक नळकांडे आले. आणि एक नियम केला: शेवटची फेरी सावकाश घ्यायची. वेगात धावून एकदम थांबले, की पंप आणि वारा थांबतात, पण तापलेले लोखंड उष्णता ओतत राहते. इंजिनाचा कप्पा गाडी थांबल्यानंतरच सर्वाधिक तापतो.

२०२४ च्या मे महिन्यात, ४१ अंशांच्या दुपारी, गाडीने सलग बारा फेऱ्या घेतल्या. काटा ९४ च्या आसपास स्थिर राहिला. त्या फेऱ्या उस्तादांनी मारल्या. चिरंजीवांचाच तसा आग्रह होता. उतरल्यावर त्यांनी बॉनेटच्या झरोक्यावर हात धरून निघणारी गरम हवा पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

झाकणाजवळ आता लाल अक्षरांत एक पाटी आहे: गाडी थांबल्यावर एक तास उघडू नये. ती मी स्वतः लिहिली. उस्तादांच्या हातावरचा डाग दिसला, की अजूनही मन खट्टू होते. दवाखान्यातही घाई झाली, आधी औषध आणि मग निदान असा मोह झाला, की मला तो डाग आठवतो. मग लेखणी खाली ठेवून मी रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारतो.