दरजेतला चुना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातला अंबागड किल्ला १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. अशा जुन्या तटाला आता तोफेपेक्षा पाखराची भीती जास्त. पाखराच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी दरजेत रुजते, मूळ जाड होत जाते आणि दगड जागचा हलतो. कोंब बोटभर असताना उपटला तर काम मिनिटाचे. झाड झाल्यावर मूळ ओढले की चिराही सोबत येतो. म्हणून डागडुजी हे दरवर्षीच्या राबत्याचे काम आहे, वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या निधीचे नाही. आपल्याकडे मात्र गवत काढायला पैसे नसतात आणि कोनशिलेला असतात.

भंडारा हा धानाचा, म्हणजे पावसाचाही जिल्हा. जुनी भिंत पाणी पिते आणि उन्हात दरजेतल्या चुन्यातून ते बाहेर टाकते. तिथे सिमेंट भरले की वाट बंद होते. ओल मग विटेतून, दगडातून निघू पाहते आणि सोबतच्या क्षारांनी त्यांचेच पापुद्रे सुटतात. दरज शाबूत, चिरा खलास! सिमेंट स्वस्त, झटपट आणि चुना मळणारे गवंडी उरलेत कुठे, हा आक्षेप खोटा नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. पण स्वस्ताईच्या हिशेबात फुटलेला चिरा धरलेला नसतो. आणि गवंडी संपले ते काम संपले म्हणून. दर हिवाळ्यात थोड्या दरजा भरायला दिल्या तर हात तयार राहतील. भारतीय पुरातत्त्व खात्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन मार्शल याच्या १९२३ च्या संवर्धन-नियमावलीचा भरही नवे करण्यापेक्षा असलेले टिकवण्यावरच होता.

तरी चुना म्हणजे रामबाण नव्हे. वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात विटांचे बौद्ध स्तूप उजेडात आले. शतकानुशतके मातीखाली सांभाळल्या गेलेल्या विटा उघड्यावर ऊनपाऊस झेलू लागल्या की झिजतात. त्यांवर चकचकीत गिलावा करणे म्हणजे जुन्या वास्तूवर नवी चढवणे. काही भाग नोंदी आणि मोजमापे घेऊन पुन्हा मातीने झाकणे हाही संवर्धनाचाच उपाय असतो. पाहायला येणाऱ्याची त्यात निराशा होते, हे खरे. पण वीट झाकलेली असली तर पुढच्या पिढीला ती पुन्हा उघडता येते.