आधी वास येतो

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की कौंडण्यपूरच्या आमच्या घरात नानकटाईचा घमघमाट सुटतो. अम्मी तर मळलेल्या पिठाचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर पाठवायची. आता ओट्यावर छोटा ओव्हन आहे. यंदा बाविसाव्या रोजाला त्यानेच दगा दिला. दिवा लागला, टायमर टिकटिकला. पण नानकटाई वरून लाल आणि खालून कच्ची. मागून जळका वास येत होता, तो वेगळाच.

धाकटा भाऊ म्हणाला, "फेकून दे, नवा घेऊ." ईदच्या खर्चात तेवढे पैसे कुठून आणायचे? गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. गळ्यात तुळशीची माळ, हातात मीटर. आल्या आल्या म्हणाले, "पोरी, नुसतं बटन बंद करून भागत नाही. प्लगच काढ." ओव्हन थंड झाल्यावरच त्यांनी मागचा पत्रा उघडला.

आमचा ओव्हन १५०० वॅटचा. वरची कॉइल ७५०, खालची ७५०. २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा कॉइलचा रोध ७० ओहमच्या आसपास यायला हवा. काकांनी वायर सोडवून दोन्ही मोजल्या. दोन्ही बरोबर! म्हणजे कॉइल शाबूत होती. बिघाड निघाला खालच्या कॉइलला वायर जोडणाऱ्या क्लिपमध्ये. ती सैल होऊन काळी पडली होती, वायरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं.

सैल जोड म्हणजे करंटच्या वाटेतली अडचण. तिथला रोध दोन ओहम जरी झाला, तरी सव्वातीन अँपिअरच्या करंटला त्या एवढ्याशा टोकावर सुमारे २१ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते, त्यावरून अंदाज घ्या. तापला की जोड आणखी सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

"मग एमसीबी का पडला नाही?" मी विचारलं. "तो जास्त करंट गेला की पडते. इथं करंट वाढलाच कुठं?" काका म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. सहरीच्या वेळी हाच ओव्हन लावून मी पोरांना उठवायला आत जात होते.

काकांनी लाल, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापली. कॉइलचं टोक पॉलिश पेपरने घासलं, नवी क्लिप पकडीने घट्ट दाबून बसवली, वर काचधाग्याची नळी चढवली. इथे सोल्डर चालत नाही. तो १८३ अंशांच्या आसपासच मऊ होऊ लागतो आणि ओव्हन २५० पर्यंत तापतो. प्लास्टिकची टेपही टिकत नाही. शेवटी प्लगची जाड पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मीटर लावून अर्थिंग तपासलं. प्लगही १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायला सांगितलं.

मी चहा विचारला. "तुमची अजान होऊ दे, संगंच घेऊ," म्हणाले.

ईद असो की दिवाळी, फराळाच्या गडबडीत हे विसरू नका: प्लग गरम लागला, पिन काळी दिसली, जळका वास आला, तर वस्तू तिथेच थांबवा. मीटर वापरता येत नसेल तर पत्रा उघडू नका, जाणकाराला बोलवा. निघताना काका म्हणाले तेच खरं: "मशीन एकाएकी मरत नाही, पोरी. आधी वास देते. आपनच नाक दाबून बसतो."