हानोव्हरचा नावाडी आणि कोलोराडोची दरी

१८७१च्या जानेवारीत जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. त्याच वर्षी २२ मे रोजी, हानोव्हरमध्ये जन्मलेला एक तरुण अमेरिकेतील वायोमिंगमध्ये ग्रीन नदीच्या प्रवाहात होडी लोटत होता. जॉन हिलर्स (१८४३–१९२५) बालपणीच अमेरिकेत आला होता आणि तेथील यादवी युद्धात लढला होता. मेजर जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोलोराडो नदीच्या दुसऱ्या सर्वेक्षण मोहिमेत त्याला घेतले ते केवळ वल्ही मारण्यासाठी.

मोहिमेचे छायाचित्रकार होते ई. ओ. बीमन. त्यांना मदत करता करता हिलर्सला या कामाची गोडी लागली. १८७२च्या आरंभी बीमन यांनी मोहीम सोडली, नंतर आलेले जेम्स फेनेमोर आजारी पडले आणि कॅमेरा नावाड्याच्या हाती आला.

ही विद्या सोपी नव्हती. काचेवर कलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर सुकण्यापूर्वी अंधारात रसायनाने ते उमटवायचे. त्यामुळे कड्यावर कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायने आणि अंधारखोलीचे साहित्यही चढवावे लागे. मोहिमेतील तरुण सदस्य फ्रेडरिक डेलनबॉ यांनी या पेट्यांच्या ओझ्याविषयी पुढे मोठ्या मिश्कीलपणे लिहिले आहे. आणि खळाळत्या धारेतून काचा सुखरूप नेण्याचे कौशल्य शेवटी नावाड्याचेच!

हा खटाटोप केवळ सौंदर्यापोटी नव्हता. सर्वेक्षणाचा खर्च काँग्रेसकडून मंजूर करून घ्यावा लागे, आणि दूर वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना दरीची खोली पटवायची तर शब्द अपुरे पडत. स्टिरिओस्कोपमधून पाहताना खोलीचा भास निर्माण करणारी जोडचित्रे तेथे उपयोगी पडली; त्यांच्या विक्रीतून पैसाही मिळाला.

मात्र या चित्रांवर सरसकट विश्वास ठेवता येत नाही. हिलर्सने टिपलेल्या पायूट आदिवासींच्या अनेक चित्रांत त्यांच्या अंगावर पॉवेल यांनी बाहेरून आणलेला चामड्याचा पोशाख आहे, आणि त्यांना कसे उभे राहावे हेही सांगितलेले आहे. खडकांचे थर जसेच्या तसे उमटले. माणसे मात्र शहरी प्रेक्षकांना हवी तशी सजवली गेली. त्यांची भूमी वसाहतकारांच्या ताब्यात जात होती, त्याच काळात ही चित्रे घरोघरच्या दिवाणखान्यांत पोहोचत होती.

हिलर्सने पुढे ब्यूरो ऑफ एथ्नॉलॉजी आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्यासाठी दीर्घकाळ छायाचित्रण केले. युटामधील हेन्री पर्वतरांगेतील एक शिखर आज माउंट हिलर्स या नावाने ओळखले जाते.