मुलांच्या डोक्यातल्या उवा : फवारणीची बाटली दूर ठेवा, फणी हातात घ्या



शेतीच्या पत्रकात उवांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घरातच, कोनाड्यात किंवा माळ्यावर ठेवलेले असते. ते म्हणजे फवारणीची उरलेली बाटली. पोर डोके खाजवून बेजार झाले, शाळेतून तक्रार आली, की कोणाच्या तरी मनात येते, "कपाशीवरची अळी ज्यानं मरते, त्यानं ऊ का मरणार नाही?" ऊ मरेलही, पण पोराच्या जिवावर बेतेल. म्हणून हे पत्रक घरातल्या कारभारणीला जरूर वाचून दाखवा.

ऊ ही कीड कशी वाढते

कोणत्याही किडीचा बंदोबस्त करायचा तर आधी तिचे जीवनचक्र समजून घ्यावे लागते. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही; ती फक्त चालते. म्हणून डोक्याला डोके लागले की ती एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते. फणी, टोपी, टॉवेल यांतूनही जाऊ शकते, पण ते कमी प्रमाणात.

मादी रोज सहा ते आठ अंडी घालते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. लीख केसाच्या मुळाजवळ घट्ट चिकटलेली असते. कोंड्यासारखी झटकून पडत नाही. साधारण ७ ते १० दिवसांत तिच्यातून पिल्लू बाहेर येते आणि पुढच्या ९ ते १२ दिवसांत ते अंडी घालण्याजोगे होते. डोक्यावर ऊ महिनाभर जगते. डोक्याबाहेर रक्त न मिळाल्याने एकदोन दिवसांत मरते.

पहिल्या वेळी उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे पोर खाजवायला लागते तोवर घरातल्या आणखी कोणाच्या डोक्यात उवा गेलेल्या असू शकतात, हे ध्यानात घ्यावे.

गोठ्यातल्या जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या उवा निराळ्या. त्या माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. तसेच उवा म्हणजे घाणेरडेपणा, हेही खरे नाही. रोज न्हाऊ घातलेल्या मुलीलाही उवा होतात. त्यासाठी पोरीला चारचौघांत बोलू नये, की शाळेतून घरी बसवू नये.

'औषध' म्हणतो, पण ते विष आहे

आपण पिकावर मारायच्या विषालाही 'औषध' म्हणतो आणि दवाखान्यातल्या गोळीलाही 'औषध'च म्हणतो. घोटाळा इथेच होतो, बरं का! पिकावरची अनेक कीटकनाशके कातडीतून अंगात भिनतात. डोक्याची कातडी तर हाताच्या कातडीपेक्षा जास्त शोषून घेते. त्यात खाजवून जखमा झालेल्या असल्या आणि वर फडके बांधून ठेवले, तर विष आणखी झपाट्याने आत जाते. लहान अंगाला थोडे विषही पुष्कळ होते.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरवा त्रिकोण असला तरी ते अंगाला लावायचे नव्हे. जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषधही मुलांच्या डोक्याला लावू नये.

जुन्या माणसांना बीएचसी पावडर आठवत असेल. तिच्यावर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. असा जुना डबा घरात सापडला तर तो उघडू नये, वापरू नये; कृषी सहायकाला कळवावे.

हे घरगुती उपायही टाळा

रॉकेल : डोक्याची कातडी भाजते आणि चुलीजवळ गेल्यास केस पेट घेतात.

सीताफळाच्या बियांची पूड : हिने उवा मरतात हे खरे, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, असह्य वेदना होतात. डोके धुताना पाणी डोळ्यात जाणारच. तेव्हा हा उपाय नकोच.

सर्वांत स्वस्त इलाज : फणी

बारीक दातांची फणी घ्यावी. केसांना भरपूर खोबरेल तेल चोपडावे. तेलाने उवा सुस्तावतात आणि फणी सहज फिरते. आधी कंगव्याने गुंता काढावा. मग उजेडात बसून केसांचे थोडे थोडे भाग करून फणी मुळाशी टेकवावी आणि टोकापर्यंत ओढावी. प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. लांब केसांना अर्धा तास तरी लागतो. घाई करू नये.

एकदा विंचरून भागत नाही. मागे राहिलेल्या लिखा फुटतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून १ ल्या, ५ व्या, ९ व्या आणि १३ व्या दिवशी विंचरावे. १७ व्या दिवशी तपासावे. एकही ऊ दिसली नाही तर डोके साफ झाले असे समजावे. कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात म्हणजे विसर पडत नाही.

शेजारच्या रानात कीड असली तर आपल्या एकट्याच्या फवारणीने काय होणार? तसेच इथे आहे. आई, आजी, बहीण, भाऊ, सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. ज्यांच्या डोक्यात उवा निघतील त्या सर्वांवर एकदमच इलाज करावा.

दुकानातले औषध वापरायचे असल्यास

औषधाच्या दुकानात उवांसाठी एक टक्का पर्मेथ्रिनचे लोशन मिळते. धुतलेल्या, टॉवेलने टिपलेल्या केसांना ते लावून दहा मिनिटे ठेवावे आणि धुऊन टाकावे. डोळ्यांवर कोरडे फडके धरावे. या औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून ९ व्या दिवशी पुन्हा लावावे. दोन वर्षांखालील मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

पर्मेथ्रिन आणि शेतातले सायपरमेथ्रिन यांच्या नावांत साम्य आहे. पण शेतातले औषध तीव्र असते आणि त्यात इतर द्रावकेही असतात. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. इलाजानंतर दुसऱ्या दिवशीही उवा जोमाने फिरताना दिसल्या तर तेच औषध पुन्हा पुन्हा ओतू नये. बोंडअळीप्रमाणे उवाही औषधाला दाद देईनाशा होतात. आरोग्य केंद्रात विचारावे.

फण्या कढत पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवाव्यात. उशीचे अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. घरात औषध फवारण्याची मुळीच गरज नाही.

चुकून विष लावले गेले असेल तर

तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक होणे, अंग थरथरणे, श्वास लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसण्याची वाट पाहू नका. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून मुलाचे कपडे काढा, केस आणि अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवा. बळेच उलटी करवू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या. कोणते विष ते कळले तर डॉक्टरांना उतारा लवकर देता येतो. शरमेपोटी लपवू नका.

आज एवढे तरी कराच : फवारणीच्या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, कुलपात ठेवा. आणि शाळा सुटल्यावर पोरांना उजेडात बसवून डोकी पाहा.